मामाचा आहेर, येणे बाकी

धर्मेंद्र रेवतकरची आणि माझी पहिली भेट झाली त्या क्षणी धंतोलीतल्या त्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, खालच्या दवाखान्यात दाढ काढायला बसलेल्या बाईंचं दुखणं पळालं आणि बाहेरच्या कडुनिंबावरचे झाडून सगळे कावळे उठून अंबाझरीच्या दिशेनं गेले. हे त्याच्या आवाजामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण दुसरं कारण मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. तो म्हणाला होता एवढंच, "हा पोह्यावर जगणारा माणूस कोण होय?"

तो माणूस मी होतो. अस्मिता मॅडम माझ्या सीए. त्यांच्याकडे मी रिटर्न भरायला गेलो होतो आणि मॅडमनी माझं वर्षभराचं बँक स्टेटमेंट त्यांच्या सर्वांत जुन्या अकाउंटंटच्या हवाली केलं होतं. गॅसच्या सिलिंडरला चष्मा लावून खुर्चीत बसवलं तर जे दिसेल, ते दोन स्क्रीनच्या मागे बसलेलं होतं. वीज आल्यावर माझ्याकडे न बघताच त्यानं उलटतपासणी सुरू केली.

"रोज सकाळी साडेनऊले चाळीस रुपये. तर्री-पोहे. बरोबर?"

"बरोबर."

"रविवारी ऐंशी. म्हणजे घरच्याईसाठी नेता."

"नाही, रविवारी मी दोन प्लेटी खातो."

यावर त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्या पोटाकडे पाहिलं आणि त्याचं समाधान झालं. "आणि हा केशव भो कोण? महिन्यातून चारदा साडेचारशे?"

"मित्र आहे."

"मित्र नाही, भोजनालय आहे. सावजी. नाव लांब होतं, बँकेनं कापून टाकलं. घरी मित्र सांगा, साहेब. मशीनले सांगू नका."

मग त्यानं एक कळ दाबली आणि माझं अख्खं वर्ष त्या स्क्रीनवर वरून खाली सरसर हिरवं होत गेलं. त्याचं हे नवं सॉफ्टवेअर बँकेतून आलेली एकेक ओळ वाचायचं आणि तिचं खातं आपलं आपण शोधून काढायचं. ओळीत अमुक शब्द दिसला की तमुक खात्यात टाक, असा नियम एकदा सांगून ठेवला की माणसाचं काम संपलं. जुळलेली ओळ हिरवी, संशयाची पिवळी, आणि जिचं जगात कुणी नाही ती लाल. नियम करून ठेवण्याला धर्मेंद्र 'रूल मारणे' म्हणायचा. चहा येईपर्यंत त्यानं माझ्या आयुष्याला रूल मारून संपवलं होतं. लेखनाचं उत्पन्न त्यानं 'इतर, किरकोळ' मध्ये टाकलेलं पाहून मी हरकत घेतली. त्यानं रक्कम दाखवली. मी हरकत मागे घेतली.

वीस-बावीस वर्षं या माणसानं लोकांच्या बँकेच्या ओळी हातानं बडवल्या होत्या. त्यामुळे सॉफ्टवेअर आलं तेव्हा तो त्याच्या प्रेमात पडला, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी प्रेमात पडणारा माणूस जसा पडतो तसा, अब्रू न सांभाळता पडला. भाजीवाली सुटे पैसे मोजायला लागली की हा तिला सांगायचा, "बाई, एक रूल मारून ठेवा." शेजाऱ्याच्या घरी भांडण झालं की म्हणायचा, "मॅच नाही होऊन राहिले, त्याईले सस्पेन्समध्ये टाकाले पाह्यजे." सस्पेन्स म्हणजे, ज्या पैशाचा बाप सापडत नाही त्याला ठेवायचं अनाथालय. त्याच्या ओळखीतली निम्मी माणसं त्यानं तिथे नेऊन ठेवली होती.

"ह्याईले माह्यासाठीबी एक रूल माराले सांगा, भाऊजी," गोपिकावहिनी एकदा मला वाढता वाढता म्हणाल्या. "वरणात मीठ कमी पडलं तर लाल होतात. बाकी वर्षभर पिवळे."

"मंग हिरवा कधी होतो?" धर्मेंद्रनं विचारलं.

"ताईचा फोन आला का."

हे मात्र खरं होतं. सिंधूताई त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा धर्मेंद्र रांगत होता आणि ताईंची शाळा त्या दिवशी सुटली ती कायमची. पुढे नरखेड तालुक्यातल्या एका गावी त्यांचं लग्न झालं, तेव्हा त्या सासरी भांडीकुंडी घेऊन गेल्या आणि सोबत हा भाऊही घेऊन गेल्या. सासरच्यांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं. मग तो इतकं खातो हे पाहून त्यांना धक्का बसला आणि तोंडं आपोआप सरळ झाली. त्याला नागपूरला कॉलेजात घातलं तेही ताईंनीच, मोसंबीच्या बागेवर. आता ताईंचे यजमान गेले होते, दोन्ही मुली आपापल्या घरी होत्या, धाकटी कोराडीला, जावई वीज केंद्रात. ताई गावी बागेत एकट्या.

म्हणून धर्मेंद्रनं हुडकेश्वरच्या आपल्या घरात खाली एक खोली बांधली. ताईंसाठी. पायरी नको म्हणून दार रस्त्याच्या पातळीला, धरायला संडासात कडी, खिडकीसमोर तुळस. मला त्यानं ती खोली चारदा दाखवली आणि चारही वेळा गरम पाण्याचा नळ सोडून माझा हात त्याखाली धरला. चौथ्यांदा भाजला. "गुंजनचं लग्न होऊ दे, मंग येतो कायमची," असं ताईंनी कबूल केलं होतं. गुंजन ही त्याची एकुलती एक मुलगी.

"माहं बाकी जे व्हाचं ते होवो साहेब," तो नळ बंद करत म्हणाला. "ताई या खोलीत राह्यले आली पाह्यजे. तिनं मले पाठीवर घेऊन धुणं धुतलं आहे."

एवढं बोलून तो रडला असता तर बरं झालं असतं. पण त्याला त्या वाक्यावरून गुंजनचं लग्न आठवलं, आणि लग्नावरून हिशेब.

लग्न मार्चच्या पहिल्या आठवड्यात, बेसा रोडवरच्या एका लॉनवर ठरलं. धर्मेंद्रनं ठरवलं की हे लग्न एखाद्या फर्मसारखं चालवायचं. ऑफिसात सिमेंट-लोखंडाच्या एका व्यापाऱ्याची पुस्तकं त्यानं स्वतः बसून इतकी सुरेख बांधली होती की नवीन काही करणं त्याला पाप वाटलं. त्यानं सगळी मांडणी उचलली, व्यापाऱ्याचं नाव काढलं आणि तिथे 'गुंजन शुभविवाह' लिहिलं. निमंत्रणं त्यातूनच गेली, म्हणून गणगोताचे सगळे फोन नंबर त्यात आले. मग त्यानं माळ्यावरून आहेराच्या वह्या काढल्या.

आपल्याकडे प्रत्येक घरात अशी वही असते. कुणाच्या लग्नात आपण किती दिले, आपल्या घरी कुणी किती आणले. सगळे लिहितात आणि कुणी बोलत नाही, म्हणून तर नाती टिकलेली आहेत. धर्मेंद्रनं आजवर दिलेला सगळा आहेर, नावानिशी, 'येणे' म्हणून मशीनमध्ये चढवला.

"अहो, हे असं करतात का?" मी विचारलं.

"करतात तर सगळेच. मी फक्त जुळवून राहिलो."

लॉनच्या दाराशी आहेराच्या टेबलावर पाकिटांऐवजी मोबाइलनं पैसे भरायचा चौकोनी कोड लावला होता, अत्तरदाणीच्या शेजारी. मंगलाष्टकं चालू असताना धर्मेंद्र व्यासपीठावर उभा राहून दर थोड्या वेळानं मान खाली घालायचा. नवरदेवाकडच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, मुलीचा बाप फार हळवा आहे हो. बाप मोबाइलमध्ये ओळी येताना पाहत होता.

लग्न छान झालं. सिंधूताई दोन दिवस आधी आल्या, आत्याचा सगळा मान घेतला, पाठवणीला पोरीच्या गळ्यात पडून रडल्या आणि मोसंबीचा बहार राखायचा म्हणून गावी परतल्या. खोली पाहिली, नळाखाली हातही धरला. "पावसाच्या आधी येतो," म्हणाल्या. धर्मेंद्रनं बँकेचं स्टेटमेंट मशीनमध्ये ओढलं, जुळलं तेवढं जुळवलं, आणि मग मार्चअखेरचा गदारोळ सुरू झाला, त्यात तो अवघा बुडाला.

त्या व्यापाऱ्याच्या मांडणीबरोबर एक गोष्ट आपसूक आली होती. ज्याच्याकडे येणं उरलं असेल, त्याला महिन्याच्या एक तारखेला मशीन स्वतःहून आठवण पाठवायचं. मजकूर धर्मेंद्रचाच होता, आणि त्याला तो पाठ होता. एक एप्रिलला सकाळी दहा वाजता त्याच्या शंभरावर नातेवाइकांच्या मोबाइलवर तो उमटला:

"सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यावर खालील रक्कम येणे बाकी आहे. कृपया सात दिवसांत भरणा करून सहकार्य करावे. भरणा केला असल्यास या संदेशाकडे दुर्लक्ष करावे. वसुली विभाग, गुंजन शुभविवाह."

एक एप्रिल असल्यामुळे पहिला तास लोकांनी थट्टेवारी नेली. मग ज्यानं त्यानं आपापली वही काढून पाहिली, तेव्हा आकडा बरोबर निघाला. त्यानंतर कुणी हसलं नाही.

पहिला फोन मार्तंडरावांचा. गोपिकावहिनींचे हे थोरले बंधू. मी तेव्हा ऑफिसात होतो आणि त्यांचा आवाज फोनबाहेर इतका येत होता की फोन अनावश्यक वाटत होता.

"जवाई, हे पाचशे एक कायचे होय बाप्पा?"

धर्मेंद्रनं फोन माफी मागायला उचलला होता. पण हिशेब विचारला की उत्तर देणं हे त्याच्या रक्तातच होतं. "तुमच्या रोहितच्या लग्नात मी हजार एक देले होते, भाऊ. तुम्ही पाचशे आणले."

"असं काय. अन् रोहितच्या लग्नात तुमच्याकडचे सात जण जेवून गेले, ते कोणत्या खात्यात टाकले?"

"ते... जेवण नाही टाकलं."

"टाका नं मंग. गुलाबजाम सोडून टाका, ते बुढीनं पर्समधी घालून नेले."

बुढी म्हणजे धर्मेंद्रची काकू. तीही त्या यादीत होती. अस्मिता मॅडम आपल्या केबिनमधून बाहेर आल्या, सगळा प्रकार शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "रेवतकर, दंडव्याज नाही लावलं? आपण इतर पार्ट्यांना लावतो." आणि मग जाता जाता, "ऑफिसचं सॉफ्टवेअर खाजगी कामाला वापरलंत, त्याचं बिल तुमच्या पगारात लावते." अख्खं ऑफिस आठवडाभर धर्मेंद्रला 'वसुली विभाग' या नावानं हाक मारत होतं. चहावालासुद्धा.

दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं तोंड काळं करून रजा टाकली असती. धर्मेंद्रही दीड दिवस गप्प होता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे यायला लागले.

रागानं येत होते. दातओठ खाऊन, एक रुपया जास्तीचा घालून येत होते, आणि शेऱ्याच्या जागी लोक मनातलं लिहून पाठवत होते. 'घे भिकारड्या', 'पोरीचं दुकान मांडलं', 'तुझ्या तेराव्याला वळते करून घेऊ'. धर्मेंद्रनं आधी त्या ओळी हातानं जुळवल्या. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. 'भिकारड्या' या शब्दावर त्यानं रूल मारला आणि अर्धं पान एकदम हिरवं झालं.

"वसुली सत्तर टक्के, साहेब," तो मला म्हणाला. मी त्याचं सांत्वन करायला गेलो होतो. चेहऱ्यावर असं तेज होतं की सांत्वन मी तसंच परत आणलं. "मॅडमच्या एका पार्टीची नाही एवढी. हे पाहा, तुम्हाले गंमत दाखवतो." त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "महादेवराव किराणा. असा कोणी माह्या गोतात नाही. दुसरं मशीन असतं तर सरळ लाल केलं असतं. पण यानं काय केलं, रक्कम पाह्यली. एकवीस हजार. तेवढीच बाकी एकाच खात्यावर होती. मंग शेरा वाचला. सिंधू, आहेर, पूर्ण. अन् बरोबर उचलून सिंधू..."

बोट ओळीवरच राहिलं.

ती ओळ हिरवीगार होती. तिच्या खाली, भरणा मिळाल्यावर मशीन आपोआप जे पाठवतं तेही गेल्याची खूण होती: आपले खाते निरंक झाले आहे. पुन्हा सेवेची संधी द्यावी.

एकवीस हजार म्हणजे कोराडीच्या भाचीच्या लग्नातला त्याचा मामाचा आहेर. मामाचा आहेर कुणी परत करत नाही. कुणी परत मागतही नाही. भांडणात कोयता निघेल अशा घरातसुद्धा तो मोजत नाहीत. वहीत लिहितात तो केवळ मिरवायला, पहिल्या पानावर, कुंकू लावून. धर्मेंद्रनं वही चढवली ती पहिल्या पानापासून.

त्या संध्याकाळी गोपिकावहिनींनी त्याला आणखी एक गोष्ट ऐकवली, आणि ऐकवताना मुळीच दया दाखवली नाही. ताईंनी लग्नाच्या सकाळी नवरीच्या खोलीत दार लावून स्वतःच्या गळ्यातली सोन्याची एकदाणी काढून गुंजनला घातली होती. कुणाला सांगायचं नाही म्हणाल्या होत्या.

"मले काहून नाही सांगतलं वं?"

"तुमाले सांगतलं असतं तर तिची पावती फाडली असती."

रविवारी मी माझ्या गाडीतून त्याला गावी घेऊन गेलो. ताई फोन उचलत नव्हत्या. काटोल मागे पडेपर्यंत धर्मेंद्र मांडीवर एकवीस हजारांचं पाकीट धरून बसला होता. मग म्हणाला, "साहेब, एकदाणीचा आजचा भाव धरून तिच्या खात्यावर एक जमा टाकून देतो. म्हणजे तिचंच माह्यावर निघते. मंग बराबर होते."

मी गाडी बाजूला घेऊन त्याला उतरवणार होतो. उतरवायला हवा होता.

वाटेतच महादेवरावांचं दुकान लागलं आणि त्यांनी धर्मेंद्रला ओळखून हात केला. हे गावचे किराणावाले. ताईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्या मोबाइल घेऊन दुकानात आल्या होत्या. धर्मेंद्रनंच घेऊन दिलेला मोबाइल, तोंड पाहून बोलता यावं म्हणून. आणि महादेवराव प्रत्येक गोष्ट खणखणीत वाचतात. दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं होती. "मले वाटलं कोणाच्या दहाव्याचा निरोप असन," ते धर्मेंद्रला खिडकीतून म्हणाले. "वाचाले लागलो तं वाचूनच गेलो पूर्ण. सहकार्य करावे, तिथपरेंत." पैसे ताईंनी घरून रोख आणून दिले होते. विहिरीची मोटार बदलायला ठेवलेले. महादेवरावांनी ते आपल्या मोबाइलवरून पाठवले आणि शेरा ताईंनी सांगितला तसा घातला.

ताई ओसरीवर लसूण सोलत होत्या. त्यांनी मला पाहिलं, त्याला पाहिलं आणि पदर नीट केला.

"या. बसा," त्या म्हणाल्या. दोघांनाही. जन्मभर ज्याला 'धर्म्या, मुडद्या' म्हणाल्या त्यालाही.

"ताई, ते मशीननं पाठवलं. मी नाही पाठवलं."

"हो का. मंग मशीनले माहं नाव कोणं सांगतलं?"

"ते सगळ्याईचं एकदम गेलं."

"मी सगळ्याईत हाओ, हे मले माहीत नोतं," ताई म्हणाल्या आणि पाकळी सोलून वाटीत टाकली. "पैसे पोचले नं पण? पोचल्याचं आलं मशीनचं. महादेवरावनं वाचून दाखवलं. सेवेची संधी द्या म्हणते."

धर्मेंद्रनं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी हात लावला नाही.

"हे ठेवून घेतलं तं पुन्हा तुमचं माह्यावर निघन. मंग पुढच्या एक तारखेले पुन्हा वाचाले जा. नाही बापा. बराबर झालं हाय, राहू द्या."

"अन् एकदाणी?" तो बोलून गेला. "गुंजनले देली ते? ते धरलं तं माह्याच अंगावर..."

ताईंनी लसणावरून मान वर केली. मला वाटलं आता त्या ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. मारलं असतं तर उत्तमच. पण त्या खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. पाव्हणा कोणत्या गावचा, हे आठवून पाहावं तशा.

"ते तुमच्या हिशेबातलं नोतं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

चहा झाला. चिवडाही झाला. धर्मेंद्रनं खोलीचा विषय काढला, नळाचं पाणी आता भाजत नाही हे सांगितलं, तुळस वाढल्याचं सांगितलं. ताई "बरं" म्हणाल्या. निघताना त्यांनी मोसंबीची भरलेली पिशवी माझ्या हातात दिली. धर्मेंद्रनं सवयीनं हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"ह्याईले नाही देत, भाऊ," त्या मला समजावून म्हणाल्या. "ह्याईले मंग ते लिहा लागते."

गाडीत त्यानं एकही मोसंबी खाल्ली नाही. मी तीन खाल्ल्या. गोड होत्या.

दिवाळीनंतर सिंधूताईंनी बाग ठेक्यानं दिली आणि त्या कोराडीला मुलीकडे राहायला गेल्या. हुडकेश्वरच्या खालच्या खोलीत सध्या मिहानमध्ये नोकरीला असलेली दोन मुलं भाड्यानं राहतात.